गोपनीयता धोरणातला तिऱ्हाईत

‘गोपनीयता’ हा शब्द मराठी माणसाला मंत्र्यांच्या शपथविधीतून चांगला परिचयाचा आहे. पदाची आणि गोपनीयतेची शपथ घेणारी व्यक्ती कोणते वचन देते, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. माझ्यापर्यंत जे येईल ते, माझ्या कर्तव्यासाठी आवश्यक असल्याखेरीज, मी दुसऱ्या कोणाला सांगणार नाही, असा त्याचा सरळ अर्थ असतो. सरकारी नोकरीतला गोपनीय अहवाल आणि लाखबंद पाकिटावरचा ‘गोपनीय’ हा शेरा यांनीही या शब्दाला तेच वजन दिले आहे. त्यामुळे एखाद्या ॲपच्या किंवा संकेतस्थळाच्या तळाशी ‘गोपनीयता धोरण’ असे लिहिलेले दिसले, की वाचणारा तोच अर्थ मनात धरून पुढे जातो. आत मात्र माहिती झाकून कशी ठेवली जाईल याविषयी दोनचार परिच्छेद असतात, आणि बाकीचा मोठा भाग कोणती माहिती गोळा केली जाईल, ती कशाकशासाठी वापरली जाईल आणि कोणाकोणाच्या हाती जाऊ शकेल, यासाठी कंपनीने स्वतःला करून ठेवलेल्या मोकळिकीने भरलेला असतो.

हा गैरसमज केवळ मराठी शब्दामुळे होतो असे नाही. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील जोसेफ टुरो यांनी २००३ मध्ये केलेल्या पाहणीत, घरी इंटरनेट वापरणाऱ्या प्रौढांपैकी ५७ टक्के लोकांना असे वाटत होते की, संकेतस्थळाला असे धोरण आहे याचाच अर्थ ते आपली माहिती इतरांना देत नाही. पुढे अकरा वर्षांनी, २०१४ मध्ये, प्यू रिसर्च सेंटरने जवळपास तोच प्रश्न विचारला तेव्हाही ५२ टक्के लोकांचे उत्तर तेच होते. म्हणजे धोरणाचे नाव वाचूनच अर्ध्याहून अधिक लोक निश्चिंत झाले होते, आणि त्यांच्या त्या निश्चिंतपणाला आतल्या मजकुराचा काहीही आधार नव्हता.

या दस्तऐवजाकडून आपण दोन गोष्टींची अपेक्षा करतो: त्याने आपल्याला माहिती द्यावी आणि आपल्याला आश्वस्त करावे. माझे म्हणणे असे आहे की या दोन अपेक्षा एकाच कागदावर लादल्यामुळे दोन्हींचे नुकसान झाले आहे. आश्वस्त करण्याचे काम कंपन्यांनी उत्साहाने अंगावर घेतले, आणि त्या सुरात जे बसत नाही ते, विशेषतः माहिती शेवटी कोणाच्या हाती जाते हे, अस्पष्ट वाक्यांखाली गेले. धोरणाने फक्त माहिती द्यावी, ती वाचून एखाद्याला धास्ती वाटली तरी हरकत नाही. धीर जर कोठून यायचा असेल, तर तो कंपनीने काय करू नये हे ठरवणाऱ्या कायद्यातून आणि तो कायदा पाळला जातो या अनुभवातून यावा.

गेली काही वर्षे मी इंग्रजीतून मराठीत भाषांतराचे काम करते आणि त्यात अशी धोरणेही येतात, म्हणून त्यांची वाक्ये मला आतून पाहायला मिळाली आहेत. सर्वांत जास्त वेळा येणारे वाक्य साधारण असे असते: ‘आम्ही आपली माहिती आमच्या भागीदारांना देऊ शकतो.’ मराठीत ‘शकणे’ या क्रियापदाला निदान तीन अर्थ आहेत. ‘ती पोहू शकते’ यात कुवत आहे, ‘तुम्ही आता जाऊ शकता’ यात मुभा आहे आणि ‘आज पाऊस येऊ शकतो’ यात नुसती शक्यता आहे. धोरण वाचणारा माणूस तिसरा अर्थ घेतो. देतील किंवा देणारही नाहीत, कदाचित कधी वेळ आलीच तर देतील, असे त्याला वाटते. मसुदा लिहिणाऱ्या वकिलाच्या मनात दुसरा अर्थ असतो, कारण त्याला कंपनीसाठी मुभा नोंदवून ठेवायची असते. आणि वस्तुस्थिती पुष्कळदा या तिन्हींच्या पलीकडची असते: माहिती रोज दिली जात असते, आणि ते सांगण्यासाठी ‘देतो’ हे साधे, निश्चित क्रियापद मराठीत आहे. एकदा मी एका कामात विचारले होते की येथे प्रत्यक्षात काय घडते, माहिती दिली जाते की नाही, कारण त्याप्रमाणे मला क्रियापद निवडता येईल. मूळ मजकुराला धरून राहावे, एवढेच उत्तर आले. मजकूर पाठवणाऱ्या व्यक्तीलाही ते ठाऊक नसावे, असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते.

‘भागीदार’ या शब्दाविषयीही असेच म्हणता येईल. आपल्याकडे भागीदारी म्हणजे नफ्यातोट्यात वाटा असलेले, परस्परांच्या व्यवहाराला बांधलेले नाते. १९३२ चा भागीदारी कायदा शहरातल्या किराणा दुकानदारालाही ठाऊक असतो. धोरणातला भागीदार मात्र जाहिरातीची जागा लिलावाने विकणारी कंपनी असू शकतो, जाहिरातींचा परिणाम मोजणारी कंपनी असू शकतो, माहितीचे गठ्ठे जमवून त्यांचा व्यापार करणारी कंपनीही असू शकतो, आणि आपल्या नफ्यातोट्याशी त्याचा काडीचाही संबंध नसतो. शब्द ओळखीचा आणि सलगीचा असल्यामुळे वाचणारा तेथे थांबत नाही.

ज्याला इंग्रजी मसुद्यात ‘थर्ड पार्टी’ म्हणतात त्याचे मराठी सर्रास ‘तृतीय पक्ष’ असे केले जाते. मीही ते केले आहे, कारण बहुतेक शब्दसूचींत तेच दिलेले असते. परंतु मराठीला या अर्थाचा स्वतःचा शब्द आहे आणि तो लहान मुलालाही कळतो: तिऱ्हाईत. तिऱ्हाईत म्हणजे ज्याचा आपल्या व्यवहाराशी संबंध नाही असा परका माणूस. घरातली गोष्ट तिऱ्हाइतापुढे बोलू नये, हे सांगतच आपल्याला वाढवलेले असते. ‘आपली माहिती तृतीय पक्षांसह सामायिक केली जाऊ शकते’ हे वाक्य आणि ‘तुमची माहिती आम्ही तिऱ्हाइतांना देतो’ हे वाक्य, दोन्ही एकच गोष्ट सांगतात, पण पहिले वाचून बोट पुढे सरकते आणि दुसरे वाचून थबकते. कराडला राहणाऱ्या माझ्या मावशीला रक्ततपासणीचे निकाल फोनवर मिळावेत म्हणून एका ॲपवर नाव नोंदवायचे होते. ॲपचा सगळा चेहरा मराठी होता, धोरण तेवढे इंग्रजीत होते, आणि त्यातला एक परिच्छेद मी तिला मराठीत वाचून दाखवला. तिने ऐकून घेतले आणि विचारले, “म्हणजे माझी साखर किती हे आणखी कोणाला कळणार गं?” मला उत्तर देता आले नाही. परिच्छेद मी तीन वेळा वाचला, त्यात सेवापुरवठादार होते, संलग्न कंपन्या होत्या, भागीदार होते, आणि एकही नाव नव्हते. निकाल हवे असल्यामुळे मावशीने मान्यता दिली.

तिच्या त्या प्रश्नाला मी पुष्कळ महत्त्व देते. सामान्य माणसाला आपली माहिती कोणत्या तांत्रिक पद्धतीने साठवली जाते यात फारसा रस नसतो, आणि तो नसला तरी त्याचे काही बिघडत नाही. कोणाला कळणार, हाच त्याचा प्रश्न असतो. साखरेचा आकडा डॉक्टरांना कळण्यात आणि विमा कंपनीला कळण्यात जमीनअस्मानाचा फरक आहे, आणि तो फरक ओळखायला कोणत्याही शिक्षणाची गरज लागत नाही.

येथे नेहमी एक आक्षेप घेतला जातो: ही धोरणे कोणी वाचतच नाही, मग त्यांची भाषा सुधारून काय साधणार? न वाचण्याबद्दलचे पुरावे खरोखर भक्कम आहेत. कार्नेगी मेलन विद्यापीठातील आलीशा मॅकडोनल्ड आणि लॉरी क्रेनर यांनी २००८ मध्ये हिशेब मांडला, की एका अमेरिकी माणसाने वर्षभरात भेट दिलेल्या प्रत्येक संकेतस्थळाचे धोरण वाचायचे ठरवले तर त्याला सुमारे २०० तास लागतील, म्हणजे रोज आठ तास याप्रमाणे पंचवीस दिवस. २०१६ मध्ये जॉनाथन ओबार आणि ॲन ओएल्डोर्फ-हिर्श यांनी एक खोटे समाजमाध्यम तयार करून ५४३ विद्यार्थ्यांना त्यात नाव नोंदवायला सांगितले. ७४ टक्के विद्यार्थ्यांनी गोपनीयता धोरण न उघडताच पुढे जाणे पसंत केले. आणि सेवेचे शुल्क म्हणून आपले पहिले अपत्य द्यावे लागेल, असे अटींमध्ये लिहिलेले असूनही ९८ टक्क्यांच्या ते लक्षात आले नाही.

या आकड्यांवरून लोक बेफिकीर आहेत असा निष्कर्ष काढणे मला अन्यायाचे वाटते. ज्या कागदात बदल सुचवता येत नाही, ज्याला नाही म्हटले तर सेवाच मिळत नाही आणि जो वाचून मनातल्या प्रश्नाचे उत्तर सापडत नाही, तो न वाचणे हा शहाणपणाचा निर्णय आहे. शेतकरी सातबारा वाचतो, कारण त्यात काय लिहिले आहे यावर काहीतरी ठरते आणि चूक असेल तर ती दुरुस्त करून घेता येते. माणसे उत्तर असलेले कागद वाचतात. एकच सरळ प्रश्न विचारला तर ती विचार करून उत्तरही देतात, हे ॲपलने एप्रिल २०२१ मध्ये आयफोनवर दाखवून दिले. इतर कंपन्यांच्या ॲपमध्ये आणि संकेतस्थळांवर तुम्ही काय करता याचा माग या ॲपला काढू द्यायचा का, असा प्रश्न पडद्यावर दोन पर्यायांसह येऊ लागला, आणि फार मोठ्या संख्येने लोकांनी नकार दिला. तीच परवानगी त्याआधी लांबलचक धोरणांमधून वर्षानुवर्षे ‘मिळत’ होती.

भारतातल्या वाचकांच्या आठवणीतले सर्वांत मोठे प्रकरण व्हॉट्सॲपचे आहे, आणि ते मुळापासून पाहण्यासारखे आहे. फेसबुकने व्हॉट्सॲप २०१४ मध्ये विकत घेतले. ऑगस्ट २०१६ मध्ये व्हॉट्सॲपने धोरण बदलले आणि खात्याची काही माहिती फेसबुकला देण्याची तरतूद केली. जुन्या वापरकर्त्यांना त्यातल्या काही वापराला ३० दिवसांत नकार देण्याची सोय होती. ती सोय किती जणांना कळली असेल, हा प्रश्न मी येथे सोडून देते. जानेवारी २०२१ मध्ये पुन्हा सूचना आली, आणि यावेळी ८ फेब्रुवारीपर्यंत मान्यता द्या, नाहीतर व्हॉट्सॲप वापरता येणार नाही, असा तिचा आशय होता. त्या दोनतीन आठवड्यांत घराघरांतल्या गटांवर काय चालले होते, ते अनेकांना आठवत असेल. आता आपले निरोप फेसबुक वाचणार, फोटो पाहणार, असे निरोप फिरू लागले आणि लोक सिग्नल आणि टेलिग्रामकडे धावले. वस्तुतः खासगी निरोपांचे कूटलेखन (एन्क्रिप्शन), म्हणजे पाठवणारा आणि घेणारा यांच्याखेरीज ते कोणालाही वाचता येऊ नयेत अशी सोय, कायम राहणार होते; बदल मुख्यतः व्यवसायांशी होणाऱ्या संभाषणांविषयी आणि मेटाच्या (हे फेसबुक कंपनीचे आजचे नाव) इतर कंपन्यांना जाणाऱ्या इतर माहितीविषयी होते. लोक ज्या गोष्टीला घाबरले ती होणार नव्हती, आणि जी होत होती तिच्याकडे अनेकांचे लक्षच गेले नाही. धोरणाने माहितीही दिली नाही आणि धीरही दिला नाही, याचे याहून स्पष्ट उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

त्यानंतर जे घडले तेही बोलके आहे. कंपनीने मान्यतेची मुदत १५ मेपर्यंत पुढे ढकलली आणि देशातल्या मोठ्या वृत्तपत्रांत पानभर जाहिराती दिल्या. त्या जाहिरातींची वाक्ये छोटी होती, भाषा सोपी होती; आम्ही तुमचे निरोप वाचू शकत नाही, तुमचे कॉल ऐकू शकत नाही, असे त्यांत सरळ सांगितलेले होते. म्हणजे साधे लिहिता येत नाही असा प्रश्न कधीच नव्हता. जे सांगणे सोयीचे होते ते सोपे झाले, आणि जे सांगणे गैरसोयीचे होते ते धोरणाच्या भाषेत राहिले. युरोपातल्या वापरकर्त्यांसाठी वेगळे धोरण होते आणि तेथे अशी मोकळीक घेतलेली नव्हती, हेही याच काळात भारतातल्या लोकांना कळले. कंपनी तीच आणि ॲपही तेच होते. फरक इतकाच होता की तेथे २०१८ पासून माहिती संरक्षणाचा व्यापक कायदा लागू होता आणि आपल्याकडे तसा नव्हता.

भारतीय स्पर्धा आयोगाने या धोरणाची स्वतःहून दखल घेतली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. ‘घ्या नाहीतर सोडा’ अशा स्वरूपाची मान्यता ही अन्याय्य अट आहे, असे आयोगाने म्हटले. पुढे राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दंड कायम ठेवला, आणि जाहिरातींसाठी माहिती देण्यावर आयोगाने घातलेली पाच वर्षांची बंदी रद्द केली. दंड आणि बंदी यांची चर्चा बरीच झाली. मला मात्र आयोगाच्या आदेशातला एक कमी चर्चिला गेलेला निर्देश सर्वांत मोलाचा वाटतो. मेटाच्या इतर कंपन्यांना दिली जाणारी माहिती धोरणात तपशीलवार सांगावी आणि माहितीचा प्रत्येक प्रकार त्याच्या त्याच्या हेतूशी जोडून दाखवावा, असे आयोगाने सांगितले. हे ऐकायला किरकोळ वाटते. पण जवळपास कोणतेही धोरण उघडून पाहावे: एका ठिकाणी माहितीची लांब यादी असते, दुसऱ्या ठिकाणी हेतूंची, तिसऱ्या ठिकाणी ती कोणाकडे जाते याची, आणि या तीन याद्यांमधला धागा कोठेच नसतो. फोन नंबर खाते ओळखण्यासाठी घेतला की जाहिरातीसाठी, ठिकाण नकाशासाठी घेतले की आणखी कशासाठी, हे तीन याद्या शेजारी ठेवूनही कळत नाही. फ्रान्सच्या माहिती संरक्षण प्राधिकरणाने जानेवारी २०१९ मध्ये गुगलला पाच कोटी युरोंचा दंड केला, त्यामागेही एक कारण असेच होते. आवश्यक माहिती वेगवेगळ्या पानांवर विखुरलेली होती आणि काही बाबींपर्यंत पोहोचायला पाच-सहा वेळा क्लिक करावे लागत होते.

आता आश्वासनाकडे वळते. धोरणात स्पष्ट वचन दिले म्हणून ते पाळले जाते असे नाही. मासिक पाळीची नोंद ठेवणाऱ्या फ्लो या ॲपने आरोग्याची माहिती खासगी ठेवण्याचे वचन दिले होते. तरी गर्भधारणेसारख्या बाबींची माहिती फेसबुक आणि गुगलच्या विश्लेषण सेवांकडे जात होती, असा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने केला आणि २०२१ मध्ये त्या प्रकरणात तडजोड झाली. त्या ॲपच्या लाखो वापरकर्त्या स्त्रियांपैकी जिने धोरण नीट वाचले तिची फसगत, न वाचणारीपेक्षा अधिक झाली, कारण तिने त्यावर विसंबून निर्णय घेतला. म्हणूनच धोरणाच्या शब्दांतून धीर घेण्याची सवय मला धोक्याची वाटते.

उलट बाजूचे उदाहरण आपल्याच देशात आहे. करोनाच्या काळात फोनवरून झटपट कर्ज देणाऱ्या ॲपचा सुळसुळाट झाला. रिझर्व्ह बँकेच्या कार्यगटाने नोव्हेंबर २०२१ मध्ये दिलेल्या अहवालानुसार, भारतातल्या अँड्रॉइड वापरकर्त्यांसाठी उपलब्ध असलेल्या सुमारे ११०० कर्ज ॲपपैकी ६०० बेकायदा होती. अशी अनेक ॲप कर्ज देण्याआधी फोनमधली संपर्कयादी आणि फोटो पाहण्याची परवानगी घेत, आणि हप्ता चुकला की कर्जदाराच्या नातेवाइकांना, कचेरीतल्या साहेबांना, शेजाऱ्यांना फोन करून, फोटोंत फेरफार करून त्याची अब्रू काढत. या माणसांनी ‘मान्य आहे’ हे बटण दाबले होते. संमतीच्या चौकटीतून पाहिले तर त्यांनी सगळे स्वतःहून दिले होते. रिझर्व्ह बँकेने २ सप्टेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत धोरण अधिक सोपे लिहा एवढेच सांगून विषय संपवला नाही. कर्ज देणाऱ्या ॲपने फोनमधल्या फाइल, संपर्कयादी, कॉलच्या नोंदी यांना हातच लावू नये, असे तिने ठरवून दिले. कॅमेरा, मायक्रोफोन आणि ठिकाण यांची परवानगीही ओळख पटवण्यापुरती, एकदाच घेता येते. हा नियम मोडणारे आजही असतील. पण जेथे तो पाळला जातो तेथे घाईत, गरजेत, रात्री अकरा वाजता रुग्णालयाच्या बाकावर बसून बटण दाबणारा माणूसही सुरक्षित राहतो, आणि त्यासाठी त्याला एक ओळही वाचावी लागत नाही.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात या विचाराचा एक चांगला अंश आहे. संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, विनाअट आणि असंदिग्ध हवी, असे कायदा म्हणतो, आणि दूरवैद्यकीय सल्ल्याच्या ॲपचे उदाहरण देऊन पुढे सांगतो की रुग्णाने संपर्कयादीलाही होकार दिला असला, तरी सल्ल्यासाठी संपर्कयादीची गरज नसल्यामुळे तो होकार तेवढ्यापुरता ग्राह्य धरला जाणार नाही. माणसाने नीट वाचले नाही याची शिक्षा त्याला होऊ न देणारी ही तरतूद आहे आणि तिचे मी मनापासून स्वागत करते.

मात्र माझ्या मावशीच्या प्रश्नाच्या बाबतीत हा कायदा मागे गेला आहे, आणि हे म्हणताना मला खेद होतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या २०११ च्या नियमांनी कंपन्यांना गोपनीयता धोरण प्रसिद्ध करायला लावले, आणि संवेदनशील माहिती घेताना ती कोणाकोणाकडे जाणार आहे हे त्या व्यक्तीला कळवण्यासाठी वाजवी पावले उचलावीत, असेही सांगितले. ते नियम तोकडे होते आणि त्यांची अंमलबजावणी त्याहून तोकडी होती, पण प्रश्न त्यांनी ओळखला होता. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्याच वर्षी नेमलेल्या न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण समितीने पुढच्या वर्षी अहवाल आणि विधेयकाचा मसुदा दिला. महाराष्ट्राला श्रीकृष्ण हे नाव मुंबईच्या दंगलींच्या चौकशीमुळे ठाऊक आहे. माहिती घेणाऱ्या कंपनीला या समितीने विश्वस्ताच्या जागी बसवले. ज्याच्या हाती दुसऱ्याची ठेव आहे त्याने ठेवीदाराच्या हिताने वागले पाहिजे, अशी ती कल्पना आहे. २०१९ मध्ये संसदेत मांडलेल्या विधेयकात, माहिती कोणाला दिली जाईल आणि किती काळ ठेवली जाईल हे सूचनेतच सांगण्याचे बंधन होते. २०२३ च्या कायद्यात सूचनेने तीन गोष्टी सांगायच्या आहेत: कोणती माहिती कोणत्या हेतूने घेतली जाते, हक्क कसे बजावायचे आणि या कायद्याखालच्या माहिती संरक्षण मंडळाकडे तक्रार कशी करायची. माहिती कोणाकडे जाणार, हे त्यात नाही.

ती माहिती अजिबात मिळत नाही असे नाही. कलम ११ नुसार, संमती देणारी व्यक्ती नंतर मागणी करून आपली माहिती कोणाकोणाला दिली गेली त्यांची नावे मिळवू शकते, आणि तो हक्क मोठा आहे. परंतु क्रम पाहावा: होकार आधी, नावे नंतर, आणि तीही अर्ज केला तर. मावशीने रक्ततपासणीच्या ॲपला अर्ज करून नावे मागवावीत, अशी अपेक्षा आपण ठेवणार आहोत का? युरोपीय संघाच्या न्यायालयाने १२ जानेवारी २०२३ रोजी ऑस्ट्रियाच्या टपाल कंपनीविरुद्धच्या प्रकरणात, विचारणा करणाऱ्या नागरिकाला ‘व्यावसायिक ग्राहक’ असे मोघम वर्ग सांगून भागणार नाही, शक्य असेल तेथे प्रत्यक्ष नावेच दिली पाहिजेत, असे सांगितले. कंपनीला नंतर नावे सांगता येत असतील तर ती नावे तिच्याकडे आधीही असतात, आणि मग ती होकारापूर्वी दाखवण्यात तांत्रिक अडचण कोणती, हे मला समजत नाही.

कंपन्यांच्या बाजूने यावर दोन गोष्टी सांगितल्या जातात. यादी सतत बदलत असते, आणि एवढी नावे वाचून माणूस गोंधळून जाईल. पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे, पण बँका आणि वित्तसंस्थांनी अशाच अडचणीवर मार्ग काढलेला आहे. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जांसाठी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ द्यावे लागते. सगळे खर्च धरून वार्षिक दर किती पडतो, वसुली कोण करणार, तक्रार कोणाकडे करायची, हे ठराविक नमुन्यात आणि कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत त्यात असते. कराराची वीस पाने तशीच राहतात, पण माणसाला जे विचारायचे असते त्याची उत्तरे एका ठरलेल्या जागी येतात. गोपनीयतेसाठीही असा एक ठराविक नमुना माहिती संरक्षण मंडळाने आणि मंत्रालयाने ठरवून द्यावा, त्याची पहिलीच ओळ ‘तुमची माहिती कोणाला दिली जाते’ ही असावी, आणि त्यापुढे नावे किंवा निदान प्रकारवार संख्या आणि नावांचा दुवा असावा. गोंधळाचा मुद्दा मला पटत नाही. यादीत चाळीस नावे असतील आणि ती पाहून माणूस चक्रावला, तर त्याला बरोबरच माहिती मिळाली आहे.

कंपन्यांनी आपणहून भरलेल्या तक्त्यांवर मात्र हे काम सोडता येणार नाही. गुगलच्या प्ले स्टोअरवर २०२२ पासून ‘माहितीची सुरक्षितता’ असा विभाग प्रत्येक ॲपखाली दिसतो; फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाने २०२३ मध्ये लोकप्रिय ॲपची त्यांच्याच धोरणांशी तुलना केली, तेव्हा बहुसंख्य ठिकाणी तक्ता आणि धोरण जुळत नव्हते. खोट्या तक्त्याला दंड असेल तरच तक्ता खरा राहील. नव्या कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद आहे, तिचा रोख माहितीची गळती झाल्यावर जितका असेल तितकाच खोट्या सूचनेवरही असायला हवा.

या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. सूचना इतर मजकुरावर अवलंबून न राहता स्वतंत्रपणे समजली पाहिजे, साध्या भाषेत असली पाहिजे आणि माहितीची बाबवार नोंद तिच्यात असली पाहिजे, असे नियम सांगतात. या तरतुदी अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायच्या आहेत. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत सूचना पाहण्याचा पर्याय देणे कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे येत्या काळात मराठी आणि कोकणी सूचनांचे मसुदे मोठ्या प्रमाणावर तयार होतील. ते काम इंग्रजी मजकूर भाषांतरकाराकडे पाठवून आणि शब्दसूचीतला ‘तृतीय पक्ष’ चिकटवून उरकले गेले, तर २२ भाषांमध्ये तीच संदिग्धता पोहोचेल. भाषांतर करणाऱ्याच्या हाती इंग्रजी वाक्यांबरोबर माहिती प्रत्यक्ष कोठून कोठे जाते याचा तक्ताही द्यायला हवा, म्हणजे ‘देतो’ लिहायचे की ‘देत नाही’ हे त्याला ठरवता येईल आणि ‘शकतो’ ची गरज उरणार नाही. पुढचे असे काम आले की मी तो तक्ता मागणार आहे. या व्यवसायातल्या इतरांनीही तो मागावा, ‘भागीदार’ खोडून तेथे नाव लिहावे, आणि नाव मिळत नसेल तर ‘तिऱ्हाईत’ असे लिहून तो मजकूर परत पाठवावा.